ग्लुलॅमचा खांब उभा करण्याआधी: आधी लांबी, मग ओझं, मग जाडी

गोव्यात डिचोलीजवळच्या एका घरात गेल्या काही वर्षांतला एक खांब मी अजून विसरलो नाही. खाली अंगणाच्या कडेला खांब, त्यावर पहिल्या मजल्याची गॅलरी, तिच्यावर कौलारू छप्पर. खांब ग्लुलॅमचा, म्हणजे फळ्या चिकटवून केलेल्या लाकडाचा, ९० बाय ९० मिमी, उंची ३.२ मीटर. श्रावण संपता संपता घरमालकांचा फोन आला, की वरच्या गॅलरीचं दार अडकतंय. मी जाऊन खांबाच्या डोक्यापासून पायापर्यंत सुतळी ताणली. मध्यावर लाकूड आणि सुतळी यांच्यात माझं बोट सहज शिरलं. मोजलं तर २२ मिमी. कुठेही तडा नाही, कुठे लाकूड चिरडलेलं नाही. खांब नुसता वाकला होता.

ठेकेदाराचं गणित त्याच्या मते बरोबर होतं. मालाच्या कागदावर लिहिलं होतं, दाब सोसण्याची ताकद २४ न्यूटन प्रति चौरस मिमी. ९० गुणिले ९० गुणिले २४ म्हणजे १९४ किलोन्यूटन, जवळपास २० टन. वरून येणारा भार सुमारे साडेतीन टन. मग चिंता कसली?

चिंता अशी, की ही ताकद खांबाच्या छोट्या तुकड्याची आहे. उंच, बारीक खांब चिरडण्याच्या कितीतरी आधी बाजूला लचकतो. यालाच बकलिंग म्हणतात. कागदावरच्या ताकदीचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. संबंध असतो तो लांबी, बारीक बाजू, लाकडाचा ताठपणा आणि सरळपणा यांच्याशी. ही गल्लत मला वारंवार दिसते, म्हणून कामाचा क्रम खाली दिला आहे. क्रम उलटा केलात, म्हणजे आधी दुकानात आवडलेली जाडी घेतली आणि मग गणित जुळवायला बसलात, तर हमखास चुकेल.

हा लेख वाचून इंजिनिअरची सही टाळू नका. पण सही करणाऱ्याला कोणते प्रश्न विचारायचे, ते यातून कळेल.

१. मोकळी लांबी मोजा

खांबाची लांबी म्हणजे विकत घेतलेल्या नगाची लांबी नव्हे. बाजूला हलण्यापासून ज्या दोन जागी तो खरोखर रोखलेला आहे, त्यांच्यामधलं अंतर मोजायचं. ते दोन्ही दिशांना वेगळं मोजायचं. गॅलरीच्या तुळया साधारणपणे घराच्या भिंतीकडे जातात, त्यामुळे त्या दिशेला डोकं धरलेलं असतं. भिंतीला समांतर दिशेला मात्र कित्येकदा काहीच धरलेलं नसतं.

कठडा खांबाला टेकलाय म्हणून लांबी अर्धी धरू नका. कठडा स्वतः हलत असेल तर तो कोणाला धरणार? मधला आधार खरा हवा असेल तर तो भाराच्या निदान २ टक्के आडवा जोर सोसेल असा, आणि पलीकडे भिंतीला किंवा तिरक्या बांधणीला जोडलेला हवा. असा आधार मिळाला तर फरक मोठा पडतो. ९० मिमीच्या त्याच खांबाला मध्यावर दोन्ही दिशांनी धरलं असतं तर त्याची सुरक्षित क्षमता सुमारे २५ वरून ७९ किलोन्यूटनवर गेली असती.

२. दोन्ही टोकं कशी धरली आहेत ते ठरवा

बकलिंगची ताकद काढायच्या ऑयलरच्या सूत्रात लांबीचा वर्ग छेदात असतो, म्हणून टोकाची चूक सगळ्यांत महाग पडते. दोन्ही टोकं जागेवर धरलेली पण वळू शकणारी असतील तर लांबी आहे तेवढीच धरा. पाय घट्ट आणि डोकं पूर्ण मोकळं असेल तर लांबी दुप्पट धरावी लागते, म्हणजे ताकद थेट चौथ्या हिश्शावर येते.

"मेस्तानं बुटाला चार बोल्ट मारलेत, पाय एकदम फिक्स आहे" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. लाकडाच्या भोकात बोल्ट किंचित खेळतो, पाऊसउन्हात लाकूड फुगतं आणि आकसतं, त्यामुळे ते टोक काही पूर्ण घट्ट राहत नाही. लाकडी खांबात पाय घट्ट धरून लांबी कमी करण्याचा फायदा घेऊ नका. लांबीचा गुणक १ धरा.

तपासा: छपराचा सांगाडा दोन्ही दिशांना भिंतीला किंवा तिरक्या पट्ट्यांना बांधलेला आहे का? नसेल तर खांबाचं डोकं मोकळं आहे असंच समजा, आणि आधी ती बांधणी करा. जाडी वाढवण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

३. ओझं मोजा

उदाहरण त्याच घराचं घेऊ. एका खांबाच्या वाट्याला गॅलरीचं ३ बाय २ मीटर, म्हणजे ६ चौरस मीटर क्षेत्र येतं.

लाकडी तळाचं वजन साधारण १ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. राहत्या घराच्या गॅलरीवर माणसांचा भार आयएस ८७५ या भारांच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागानुसार ३ किलोन्यूटन धरतात. चवथीला सगळं गणगोत गॅलरीत उभं राहतं, तेव्हा हा आकडा कमी करायचा मोह नको. मंगलोरी कौलं रिपांसह सुमारे ०.६५, वासे आणि इतर ०.३५, छपरावर चढणाऱ्या माणसांचे ०.७५.

तळ ६ गुणिले ४ म्हणजे २४, छप्पर ६ गुणिले १.७५ म्हणजे १०.५. एकूण ३४.५ किलोन्यूटन. सुरक्षिततेसाठी दीडपट केलं की ५२ किलोन्यूटन. एवढ्यासाठी खांब शोधायचा आहे.

वाऱ्याचं उलटं ओझंही लिहून ठेवा. पणजीसाठी आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद दिला आहे. असा वारा छप्पर वर उचलतो. त्या वेळी खांबावर दाब नसतो, ओढ असते, आणि ती सोसायची असते पायाच्या बोल्टांनी. मे २०२१ मधलं तौक्ते वादळ आठवा.

४. नेमकं कोणतं लाकूड ते ओळखा

इथे फसवणूक कमी आणि गैरसमज जास्त असतो. चार वस्तू एकसारख्या दिसतात.

ग्लुलॅममध्ये लाकडाच्या फळ्या, बहुधा ४५ मिमीपर्यंत जाडीच्या, तंतूंच्या सगळ्या रेषा लांबीच्या दिशेला ठेवून चिकटवतात. एलव्हीएल लाकडाच्या पातळ पत्र्यांचं असतं, तेही जवळजवळ सगळे लांबीच्या दिशेला. भारतात त्यासाठी आयएस १४६१६ हे मानक आहे. दोन्ही खांबाला चालतात.

प्लायवूडमध्ये मात्र एकाआड एक पत्रा आडवा असतो. आडवा पत्रा उभ्या भाराला जवळपास काहीच ताठपणा देत नाही. मरीन प्लायच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून "एलव्हीएल केलं" असं सांगणारे कारागीर मनापासून सांगतात, पण ते एलव्हीएल नव्हे. पाण्यात टिकेल, भार घेणार नाही.

चौथी वस्तू म्हणजे फर्निचरचा फिंगर जॉइंट बोर्ड. त्याच्या जोडांची बोटं आखूड असतात आणि तो ताकदीच्या प्रतीचा म्हणून तपासलेला नसतो. टेबलाच्या पाट्यासाठी उत्तम, खांबासाठी नको.

सावधान: तीन फळ्या नुसत्या खिळ्यांनी जोडून जाड खांब होत नाही. ४५ मिमीच्या तीन फळ्या नीट चिकटवल्या तर १३५ मिमीचा एकसंध खांब होतो. गोंद नसेल आणि फळ्या एकमेकींवर सरकू शकत असतील, तर त्या दिशेचा ताठपणा नवव्या हिश्शावर येतो. खिळे आणि स्क्रू यांनी तो थोडा वर येतो, पण किती, हे अंदाजानं सांगता येत नाही.

५. जाडी काढा

आता गणित. हे कागदावर स्वतः करून पाहा, कारण सगळं मर्म इथेच आहे.

पहिली गोष्ट, चौकोनी खांब घ्या. वाकायचं तर खांब बारीक बाजूकडे वाकतो. ९० बाय २०० आणि १३४ बाय १३४ या दोन्हींत लाकूड जवळपास सारखंच, पण बारीक दिशेला पहिल्याचा ताठपणा दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी. चपटा खांब फक्त तेव्हाच घ्या, जेव्हा बारीक दिशेला मध्ये खरा आधार आहे.

पुढची पद्धत युरोपीय मानकाची आहे, कारण बाजारातल्या ग्लुलॅमच्या कागदांवर बहुधा तीच प्रतवारी असते. उदाहरणाला जीएल २४ एच ही प्रत घेऊ. उभी दाब-ताकद २४, आणि बकलिंगसाठी धरायचा ताठपणा ९६०० न्यूटन प्रति चौरस मिमी. कागदावर ११५०० हाही आकडा असतो, पण तो सरासरी आहे. सरासरीवर खांब ठरवू नका.

जाडीला ३.४६ ने भागा. खांबाच्या लांबीला त्या उत्तराने भागा. हा झाला सडपातळपणा. त्याला ३.१४ ने भागून ०.०५ ने गुणा. ०.०५ कुठून आलं? २४ भागिले ९६०० याचं वर्गमूळ. दुसरी प्रत असेल तर हा आकडा बदलेल.

या शेवटच्या आकड्यावरून ताकद किती उरते ते असं: ०.५ असेल तर ९७ टक्के, १ असेल तर ७७, १.५ ला ४१, आणि २ ला फक्त २४ टक्के.

९० मिमीच्या खांबाचा आकडा १.९६ येतो. उरली २५ टक्क्यांहूनही थोडी कमी. १४० मिमीच्या खांबाचा १.२६, उरली सुमारे ५५ टक्के.

आता लाकडाची हिशेबी ताकद. २४ ला ओल आणि भाराचा कालावधी यांच्यासाठी ०.६५ ने गुणायचं, १.२५ ने भागायचं. उत्तर १२.४८. ०.६५ का, ते पुढच्या टप्प्यात सांगतो.

९० मिमी: नुसतं चिरडणं पाहिलं तर १०१ किलोन्यूटन, म्हणजे ५२ च्या दुप्पट, पास. बकलिंग धरलं की सुमारे २५. नापास, तेही अर्ध्यानं.

१४० मिमी: चिरडणं २४५, बकलिंगसह १३६. पास, आणि दुरुस्तीला, ओलीला, थोड्या चुकीला जागा ठेवून पास. मी त्या घराला हाच बसवला.

लाकडी बांधकामाचं भारतीय मानक आयएस ८८३, त्याची वाट वेगळी आहे. तिथे लांबी भागिले बारीक बाजू हा आकडा पाहतात. ११ पर्यंत आखूड खांब, त्यापुढे मधला आणि लांब, आणि ५० च्या वर खांब चालतच नाही. ९० मिमीसाठी तो ३५.६ येतो. ५० च्या आत आहे म्हणून तो सुरक्षित, असा अर्थ मात्र काढू नका. ५० ही शेवटची हद्द आहे, शिफारस नव्हे.

सावधान: दोन्ही मानकांचे तुकडे एकत्र शिवू नका. आयएस ८८३ सुरक्षितता लाकडाच्या ताणात धरतं, युरोपीय पद्धत काही भारात आणि काही लाकडात. एकाचे ताण आणि दुसऱ्याचे भार घेतले की सुरक्षितता दोनदा मोजली जाते किंवा एकदाही नाही.

६. गोव्याची ओल हिशेबात घ्या

युरोपीय मानकात छपराखालची पण उघडी जागा सहसा ओलीच्या दुसऱ्या वर्गात टाकतात. त्या वर्गाची अट अशी, की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर वर्षातले काही आठवडेच जावी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय असतं ते सांगायला नको. कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते. म्हणून उघड्या गॅलरीचा खांब मी नेहमी तिसऱ्या, ओल्या वर्गातच धरतो. त्यामुळेच वर ०.८ ऐवजी ०.६५ घेतलं.

ओल दोन गोष्टी करते. चिरडण्याची ताकद बरीच घटते आणि ताठपणा त्याहून कमी घटतो. अमेरिकी मानकात ओल्या ग्लुलॅमसाठी दाबाचा गुणक ०.७३ आणि ताठपणाचा ०.८३३ आहे. म्हणजे आखूड, जाड खांबाला ओल जास्त बाधते आणि लांब खांबाला तुलनेनं कमी. पण लांब खांबाला दुसरीच बाधा होते, ती म्हणजे हळूहळू वाकत जाणं. सतत भाराखाली लाकूड रेंगाळत वाकतं. ओल्या वर्गात ही वाढ मूळ वाकाच्या दुप्पट धरतात, म्हणजे एकूण वाक तिप्पट. म्हणून वर्षानुवर्षांचं जड ओझं, जसं काँक्रीटची फरशी किंवा पाण्याची टाकी, बारीक लाकडी खांबावर ठेवू नका.

गोंद विचारा. युरिया फॉर्माल्डिहाइडचा गोंद उघड्या जागेला चालत नाही. फिनॉल-रिसॉर्सिनॉलची रेघ गडद तपकिरी दिसते. मेलामाइनची फिकट असते, म्हणून नुसत्या रंगावरून निकाल लावू नका, कागद मागा.

आयात केलेलं स्प्रूस किंवा पाइन उघडं ठेवलं तर वाळवी आणि बुरशी दोन्हींना आवडतं. औषध फळ्या चिकटवण्याआधी मुरवलेलं असावं. तयार खांबावर ब्रशनं लावलेलं औषध वरच्या कातडीपुरतंच राहतं. बोरॉनचं औषध पावसात धुऊन जातं, उघड्या खांबाला ते एकटं पुरत नाही.

७. माल उतरला की लगेच तपासा

टेम्पो उभा असतानाच हे करा.

सुतळी ताणा, चारही बाजूंनी. ३.२ मीटरच्या ग्लुलॅमला ६ मिमीपेक्षा जास्त बाक असू नये. हिशेब लांबीच्या पाचशेव्या भागाचा आहे, आणि पाचव्या टप्प्यातली टक्केवारी हा बाक गृहीत धरूनच काढलेली आहे. जास्त बाक असेल तर ती लागू नाही.

ओल मोजायचा मीटर लावा. १२ ते १५ टक्के हवी. त्याच्या वर असेल तर माल परत, किंवा छपराखाली पट्ट्यांवर ठेवून वाळवणं.

टोकाकडच्या गोंदाच्या रेघांत पोस्टकार्डाचा कोपरा घालून पाहा. शिरला तर खांब नको.

टोकाचा कापलेला तुकडा मागून घ्या, दिवसभर पाण्यात उकळा आणि सावलीत वाळवा. रेघा उघडल्या तर गोंद उघड्या जागेचा नाही. ही घरगुती चाचणी आहे, प्रयोगशाळेची जागा घेत नाही, पण मला तिनं दोनदा वाचवलंय.

८. पाय आणि डोकं

पाय कधीही फरशीला टेकवू नका. जोत्यापासून निदान १०० मिमी वर, लोखंडी बुटात. बुटात पाणी साचू नये म्हणून तळाला भोक. बूट जांभ्या चिऱ्यावर थेट बसवू नका, खाली काँक्रीटचा ठोकळा द्या. कापलेल्या टोकाला, जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, दोन-तीन हात सीलर पाजा. पाणी तिथूनच चढतं. समुद्राजवळ बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे, आतल्या तालुक्यांत निदान गरम जस्तात बुडवलेले.

डोक्याकडे एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. खांब उभ्या रेषांवर २४ सोसतो, पण त्याच्यावर आडवी ठेवलेली तुळई रेषांना आडवी दाबली जाते, आणि तिथे तिची ताकद फक्त २.५. दहावा हिस्सा. खांब शाबूत राहतो आणि तुळईत त्याचा ठसा उमटतो. मध्ये खांबापेक्षा लांब अशी जाड पोलादी पट्टी द्या.

तुळईचा भार खांबाच्या मध्यावर आला पाहिजे. एका कडेला टेकवलेली तुळई खांबाला पहिल्या दिवसापासून वाकवते, आणि वरची सगळी गणितं सरळ, मध्यावरच्या भाराची आहेत.

सावधान: वीजवाल्याला खांबात झिरी पाडू देऊ नका, मध्यावर तर मुळीच नाही. ताठपणा बाहेरच्या थरात असतो, आणि झिरी नेमका तोच थर खाते. वायर बाहेरून नळीतून न्या.

आग लागल्यावर खांब थोडा वेळ टिकावा असं वाटत असेल तर तेही इथेच पाहा. अर्ध्या तासात प्रत्येक बाजूचे सुमारे २८ मिमी निरुपयोगी धरतात. चारही बाजूंनी उघडा १४० चा खांब ८४ चा उरतो, आणि ताठपणा जवळपास आठव्या हिश्शावर येतो.

९. उभा करा, मग भार द्या

काम नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये करा. "चवथीच्या आधी गॅलरी झाली पाहिजे" म्हणून जुलैत उभे केलेले खांब ओले बसतात आणि वाळताना पिळतात.

क्रम असा. जुन्या तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू आणि जॅक. बूट बसवून पाणसळ. खांब उभा, तात्पुरत्या तिरक्या पट्ट्या दोन्ही दिशांना. ओळंबा दोन लगतच्या बाजूंना, एका नव्हे. डोक्याचे बोल्ट. छपराची आडवी बांधणी. हे सगळं झाल्यावरच जॅक सैल करा, एका वेळी थोडा, आणि प्रत्येक वेळी सुतळी पाहा. शेवटी तात्पुरत्या पट्ट्या काढा. पट्ट्या आधी काढून जॅक नंतर सोडणं ही मी पाहिलेली सगळ्यांत धोकादायक घाई आहे, कारण त्या क्षणी भरलेल्या खांबाचं डोकं मोकळं असतं.

१०. पहिला पावसाळा

भार दिल्याच्या दिवशी सुतळी लावून मध्यावरचं अंतर मोजा आणि खांबाच्या मागच्या बाजूला, नजरेआड, पेन्सिलीनं तारखेसह लिहा. मग ऑगस्टच्या मध्यात पुन्हा, आणि दिवाळीनंतर पुन्हा. एक-दोन मिमी इकडेतिकडे झालं तर ते ओलीचं. दर मोजणीला एकाच बाजूला वाढत गेलं, तर वाट पाहू नका. टेकू लावा, गॅलरीवरची वर्दळ थांबवा आणि इंजिनिअरला बोलवा.

डिचोलीच्या त्या नव्या खांबावर आता तीन तारखा आहेत. आकडा तिन्ही वेळा ३ मिमी.